पायली, अधोली आणि शीग

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

व्यासपीठावरच्या आणि समोर बसलेल्या माझ्या सर्व बाई आणि सर, गेले सहा महिने या मेळाव्यासाठी राबलेले समितीतले मित्र, आणि माझ्या वर्गातल्या मुला-मुलींनो,

मुला-मुलींनो म्हटलं म्हणून हसू नका. इथे गेटमधून आत आल्यावर आपलं वय आपोआप पंधरा होतं, याचा अनुभव सगळ्यांनी सकाळपासून घेतला आहे.

बाहेर कुठेही मी 'माझं गाव मांडवा' म्हटलं की समोरचा माणूस लगेच आवाज खाली घेऊन अमिताभसारखं बोलायला लागतो. 'अग्निपथ' १९९० साली आला तेव्हा आपण पाचवी-सहावीत होतो. तेव्हापासून हे चालू आहे. नव्या ऑफिसमध्ये पहिल्या दिवशी हे होणारच, म्हणून मी आता आधीच हसून ठेवते. पण त्या सिनेमातलं एक मला आवडतं. त्यात मांडव्याची आठवण जिवंत राहते ती एका शाळामास्तरांमुळे. आपल्या बाबतीतही तसंच आहे.

आता मुद्द्यावर येते. समितीने सगळ्यांना निरोप दिला होता, 'प्रत्येकाने घरातली एक जुनी वस्तू आणा, हॉलमध्ये मांडू.' आज सकाळी मी ते सगळं फिरून पाहिलं. जाती आहेत, अडकित्ते आहेत, पानाचे डबे आहेत, पायाने चालवायचं शिवणयंत्र आहे. कोळीवाड्यातल्या आपल्या मित्राने आजोबांची जाळं विणायची लाकडी सुई आणली आहे. बोटं लागून लागून ती इतकी गुळगुळीत झाली आहे की हातात घेतली की ठेववत नाही. प्रत्येक वस्तूपुढे एक कार्ड आहे. सवयीप्रमाणे मी कार्डं मोजली. बेचाळीस आहेत. त्यातल्या एकतीस कार्डांवर फक्त दोन गोष्टी लिहिल्या आहेत : वस्तूचं नाव आणि आणणाऱ्याचं नाव. मी आणलेल्या वस्तूचं कार्डही कालपर्यंत तसंच होतं. आज मला त्या कार्डाबद्दल बोलायचं आहे.

आधी एक कबुली देते. आमचं जुनं घर २००८ साली पाडलं. मी चार दिवसांची रजा काढून आले होते. नवं घर लहान, सामान फार. आई एकेक भांडं हातात घेऊन बसायची आणि मी घड्याळ बघायचे. शेवटी मीच म्हटलं, 'आई, हे सगळं मोडीत घालू.' दोन हंडे, एक घंगाळ, एक परात. हंड्यांच्या गळ्यावर नावं घातलेली होती. तुम्हाला आठवत असेल, भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर एक माणूस छिन्नी घेऊन बसायचा आणि टिंब टिंब ठोकत नाव घालायचा. कोणी दिलं, कोणाला दिलं, कोणत्या दिवशी दिलं, सगळं दोन ओळींत. लग्नाची नोंद कुठल्याही कचेरीत नसली तरी हंड्यावर असायची. ते हंडे वजनावर गेले. साडेचार हजार रुपये आले. पैसे किती आले ते मला आजही नीट आठवतं. हंड्यावर नाव कोणाचं होतं, ते आठवत नाही. आईला विचारायचं राहिलं, आणि आता आई नाही.

एवढं होऊनही मी शहाणी झाले नाही. गेल्या वर्षी माझ्या भावाचा फोन आला. जेट्टीपासून किहीमपर्यंत आपल्याकडे बंगले किती झाले आहेत ते तुम्ही पाहताच. २०२० साली रो-रो सुरू झाली, भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट तासाभरात माणूस इथे उतरायला लागला, तेव्हापासून तर विचारायलाच नको. अशाच एका बंगल्याच्या सजावटीचं काम बघणाऱ्या बाई भावाकडे आल्या होत्या. त्यांनी जिन्याखाली पडलेली आमची पायली पाहिली. त्यांना ती सुकी फुलं ठेवायला हवी होती. भाऊ म्हणाला, 'ताई, पाच हजार देतायत. देऊ का?' मी मीटिंगमध्ये होते. म्हटलं, 'दे की. काय करायचीय ती?' पुरता एक मिनिटसुद्धा झाला नसेल तो फोन.

पायली वाचली ती समितीच्या निरोपामुळे. भावाने त्या बाईंना सांगितलं, 'शाळेचा मेळावा होईपर्यंत थांबा, बहिणीला न्यायचीय.'

लहान मुलं बसली आहेत म्हणून सांगते, पायली म्हणजे धान्य मोजायचं माप. चार शेरांची एक पायली, तिच्या निम्मी ती अधोली, आणि वीस मणांची खंडी. आपल्याकडे भात वजनावर नाही, मापावर मोजायचे. आमची पायली लाकडाची आहे, एका ओंडक्यातून कोरलेली, तोंडाला लोखंडी पट्टी. खाऱ्या हवेने पट्टी खाल्ली आहे, लाकूड मात्र ठणठणीत आहे.

ही पायली आमच्या आजीबरोबर आली. आजीचं माहेर चरीच्या बाजूचं, खारपाटातलं. चरी म्हटल्यावर इथल्या जुन्या माणसांना पुढचं सांगावं लागत नाही, पण आपल्या मुलांना सांगायला हवं, कारण ती अलिबागहून पेणला जाताना त्याच भागातून जातात आणि त्यांना काही माहीत नसतं. १९३३ साली तिथल्या कुळांनी खोतांची जमीन कसायची नाही असं ठरवलं. खारभूमीतली ती शेती म्हणजे समुद्राला बांध घालून मिळवलेली जमीन. बांध कुळांनी राखायचा, घाम कुळांचा, आणि पीक आलं की त्याचा मोठा वाटा खंड म्हणून खोताच्या अंगणात. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली पंचवीस गावांनी जमिनी ओसाड टाकल्या. संप चालला १९३९ पर्यंत. सहा वर्षं! आपल्याला सहा तास वीज गेली तर काय होतं ते आठवा. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला येऊन गेले, आणि १९३७ साली त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. १९३९ मध्ये मुंबई प्रांतात कुळकायदा झाला, १९४८ मध्ये त्याहून व्यापक कायदा आला, आणि पुढे १ एप्रिल १९५७ या तारखेने कसणारी कुळं जमिनीची मालक मानली गेली. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या सातबाऱ्याच्या मागे ही तारीख आहे.

संप सुरू झाला तेव्हा आजी अकरा-बारा वर्षांची होती. आमच्या घरात पायलीची गोष्ट सांगितली जायची ती अशी : खोताची पायली मोठी असायची. बाजारातल्या पायलीपेक्षा तिच्यात जास्त भात मावायचं, आणि त्यावर कुळं नाडली जायची. संपात आजीच्या वडिलांनी रात्री वाड्यात शिरून ती खोटी पायली पळवली. तीच ही. माझा भाऊ दर गणपतीत ही गोष्ट मुलांना सांगतो. दर वर्षी वाड्याची भिंत थोडी उंच होते. दोन वर्षांपूर्वी त्यात कुत्रे आले.

मेळाव्यासाठी कार्ड लिहायचं म्हणून मी भावाला म्हटलं, 'पायली मोठी आहे म्हणतोस, तर मोजून बघू.' मोजायचं कशाने? बाजारात पायली मिळत नाही. १९५८ पासून मेट्रिक वजनं आली, मग हळूहळू शेर-पायली गेली. शिवाय पायली सगळीकडे सारखीही नव्हती. तेव्हा आठवलं की हिच्या जोडीची अधोली थळला आत्याकडे आहे. आजीने लेकीच्या लग्नात तिला दिली होती. पायली घरात राहिली, अधोली लेकीबरोबर सासरी गेली. साठ वर्षं दोन्ही मापं एका छपराखाली आली नव्हती.

आम्ही पायली घेऊन थळला गेलो. आत्या आता ऐंशीच्या घरात आहे. ऐकायला कमी येतं, बाकी सगळं शाबूत. अधोली तिने देवघरात ठेवली होती, हळदीकुंकू लावून. ओटीवर गोणपाट अंथरलं, भावाने घरचं भात आणलं होतं. दोन अधोल्या, हाताने सपाट करून, पायलीत ओतल्या. पायली काठोकाठ भरली. ना कमी, ना जास्त. पुन्हा केलं, पुन्हा तेच. भावाचा चेहरा पडला. म्हणजे पायली खोटी नव्हतीच. मग गोष्ट खोटी?

आत्याने हे सगळं बघितलं आणि विचारलं, 'काय चाललाय तुमचा?' मी तिच्या कानाशी जाऊन ओरडून गोष्ट सांगितली. ती हसायलाच लागली. म्हणाली, 'पायली मोठी नव्हती गो. शीग मोठी होती.'

शीग म्हणजे काय, तर माप काठापर्यंत भरल्यावर त्याच्या वर जो ढीग चढतो तो. उत्सुकता शिगेला पोचली असं आपण निबंधात लिहायचो ना, ती हीच शीग. मी पन्नास निबंधांत लिहिली असेल, पाहिली पहिल्यांदा त्या दिवशी. आत्याने भावाला बाजूला केलं, खाली बसली, आणि स्वतः भरून दाखवलं. पहिलं माप टाकताना 'एक' म्हणाली नाही, 'लाभ' म्हणाली. आमच्या आजीचीही तीच रीत होती, लाभ, दोन, तीन. मग ओंजळीने वर भात सोडत गेली, हलकेच, कडेने घसरू न देता. पायलीवर टोपीसारखा ढीग उभा राहिला. 'खोताचा माणूस घेताना अशी घ्यायचा,' ती म्हणाली, 'आणि बियाणाला भात द्यायचा तेव्हा अशी.' तिने तळहात काठावरून सपकन फिरवला. शीग गोणपाटावर पडली.

पायली तीच, मोजणीही चोख. दर पायलीमागे दोन-तीन ओंजळी तेवढ्या इकडच्या तिकडे. खंडीभर भात घालायचं असेल तर हिशेब तुम्हीच करा. मी आयुष्यभर सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते, त्यातली जुनी, मुरलेली चूक नेहमी अशीच असते. आकडा बरोबर दिसतो, मोजायची रीत दोन बाजूंना दोन असते.

मग आत्याने पायली कुठून आली ते सांगितलं. चोरीबिरी काही नाही. आजीचं लग्न झालं तेव्हा संप चालूच होता. चौथं-पाचवं वर्ष असेल. शेतं पडीक, घरातले बाप्ये जंगलातून लाकूड तोडून आणायचे, ते विकून दिवस काढायचे. लेकीला द्यायला हंडा नव्हता, कळशी नव्हती. घरात होती ती मापं, आणि इतकी वर्षं त्यांत मोजायला काही नव्हतं. आजीच्या वडिलांनी तीच धुऊन, तेल लावून लेकीला दिली. म्हणाले, 'भात नाही माझ्याकडे. माप घेऊन जा. भरायचं बघा तुम्ही.'

माझा भाऊ, जो मघापासून गोष्ट गेली म्हणून गप्प होता, तो उठून मागच्या दारी गेला. थोड्या वेळाने आला तेव्हा डोळे पुसलेले होते. आम्ही दोघांनीही त्यावर काही बोललो नाही.

आत्या पुढे एक म्हणाली आणि मला एकदम काहीतरी आठवलं. ती म्हणाली, 'आईची रीत उलटी होती.' पावसाळ्यात लाँच बंद व्हायची, बाजार लांब, कोणाच्या घरात तांदूळ संपायचे. शेजारच्या बायका आजीकडे यायच्या. दिवाळीनंतर नवं भात आलं की परत आणून द्यायच्या. मी पाच-सहा वर्षांची असताना ओटीवर बसून हे बघितलं आहे. शेजारीण भरलेली टोपली घेऊन यायची, पायली भरायची, आणि आजी काठावरून तळहात फिरवून वरचं भात परत तिच्या टोपलीत सारायची. तो हात मला स्पष्ट दिसतो. बांगड्यांचा आवाजसुद्धा आठवतो. पण मला इतकी वर्षं वाटायचं की आजीला मापाचं फार वेड आहे, कटकटी आहे. ती देताना काय करायची, ते मी कधी बघितलंच नव्हतं. ते आत्याने बघितलं होतं. आजी देताना शीग लावून द्यायची आणि घेताना सपाट घ्यायची. जे तिच्या बापाच्या अंगणात घडलं, ते तिने आपल्या ओटीवर उलटं करून ठेवलं. कोणाला सांगितलं नाही, भाषण दिलं नाही. भाषण द्यायला मी आहे.

म्हणजे बघा, वस्तू भावाकडे होती. तिची जोड आणि तिची खरी गोष्ट आत्याकडे होती. आणि एक तुकडा, तो तळहात, माझ्याकडे होता, पण मला त्याचा अर्थ माहीत नव्हता. तिघं एका ओटीवर बसलो तेव्हा कुठे आजी पुरी झाली.

आपल्याकडे हे घरोघरी होतं असं मला वाटतं. घर, जमीन आणि वस्तू मुलाकडे राहतात. गोष्टी मुलींच्या कानात पडतात, कारण स्वयंपाकघरात, निवडण-टिपण करताना त्या सांगितल्या जातात. मग मुलगी लग्न होऊन जाते आणि गोष्ट तिच्याबरोबर जाते. दोन पिढ्या गेल्या की एका घरात बिनगोष्टीची वस्तू उरते आणि दुसऱ्या घरात बिनवस्तूची गोष्ट. पहिली मोडीत जाते, दुसरी त्या बाईबरोबर जाते.

आणि कधी कधी हे अंतर थळ-मांडव्याएवढं नसतं. हॉलमध्ये खिडकीजवळच्या टेबलावर आवासच्या आपल्या मैत्रिणीने एक छोटं पितळी माप ठेवलं आहे, तेल मोजायचं. तिच्या आजीला ते शेजारणीने दिलं, इस्रायलला जाताना. आपल्या किनाऱ्यावरचे बेने इस्रायली लोक तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांचे पूर्वज नवगावजवळ जहाज फुटून किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही त्यांची परंपरेने आलेली आठवण. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं निघून गेली. पण नावं बघा : किहीमकर, नवगावकर, रोहेकर, पेणकर. त्यांच्यातल्याच हाईम सॅम्युअल किहीमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून ठेवला. तो छापून निघाला १९३७ मध्ये, तेल अवीवला. चाळीस वर्षं थांबावं लागलं, पण लिहिलेलं होतं म्हणून थांबता आलं. आपल्या मैत्रिणीच्या टेबलावरचं माप आवासला राहिलं आणि आपल्या गावांची नावं तिकडे वापरात आहेत. तिच्या कार्डावर शेजारणीचं नाव, तिच्या मुलांची नावं आणि त्या निघाल्या तो महिना, सगळं लिहिलेलं आहे. त्या अकरा चांगल्या कार्डांपैकी ते एक. उद्या तिकडून कोणी नातवंड आजीचं घर शोधत आवासला आलं, तर त्याला या कार्डावरून दार सापडेल.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, माझी एकच विनंती आहे. टेबलांवर पेनं ठेवली आहेत. निघण्यापूर्वी आपापली कार्डं पुरी करा. वस्तू कोणाची, कुठून आली, आणि हे तुम्हाला कोणी सांगितलं. हे तिसरं फार महत्त्वाचं आहे. गोष्टीत कुत्रे घुसले असतील तर तेही लिहा, पण 'भावाने सांगितलं' असं पुढे लिहा. माहीत नसेल तर आत्याला, मावशीला, मोठ्या बहिणीला आज रात्री फोन करा. उद्या नको. उद्याचं काय होतं ते मी हंड्यांच्या बाबतीत बघितलं आहे. समिती ही कार्डं स्मरणिकेत छापणार आहे, तेव्हा अक्षर जरा बरं काढा. समोर मराठीच्या बाई बसल्या आहेत.

आमच्या पायलीचं काय झालं ते सांगून थांबते. भावाने त्या बंगल्यातल्या बाईंना फोन करून नाही म्हणून सांगितलं. त्यांनी सात हजार देते म्हटलं, तरी. पायली त्याच्याकडे राहील. अधोली आत्या आपल्या नातीला देणार आहे. गणपतीत दोन्ही एकत्र आणायच्या असं ठरलं आहे, आणि वाड्याची, भिंतीची गोष्ट भाऊ आता सांगणार नाही. त्याची मुलं जरा नाराज आहेत. कुत्रे त्यांना आवडायचे.

मागून जेवण तयार असल्याची खूण झाली आहे. वाढणाऱ्या मंडळींना एवढंच सांगते, आज कोणाच्याही पानात सपाट वाढू नका. शीग लावून वाढा.